ळ नसलेले दत्तूकाका

आमच्या आळीच्या गणपती मंडळाचा ‘मित्र संघ’ झाला, तो दत्तूकाका सुर्व्यांमुळे. त्यात राजकारण नव्हतं की भांडण नव्हतं. दत्तूकाकांकडे ‘ळ’ नव्हता, एवढंच.

दत्तूकाकांचं रत्नागिरीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. छापतात सगळं, पण एकाच तऱ्हेच्या अक्षरांत. जुन्या डिजिटल घड्याळात छोट्या छोट्या सरळ काड्या पेटून आकडे होतात ना, तशी देवनागरी अक्षरं त्यांनी स्वतः संगणकावर बनवलीत. गोलाई नावाला नाही. काळ्यावर पिवळी, नाहीतर लाल. “आपल्या अक्षरांना वरची आडवी काडी जन्मापासूनच आहे. निम्मा काम झालेलाच होता,” असं ते वर सांगतात.

पुतणीच्या लग्नाचा फलक त्यांनी हौसेने केला. हॉलच्या दारात नवरानवरीची नावं लाल काड्यांत झळकली, आणि गुहागरकडची एक आजी पिशवी उचलून मला विचारते, “दापोलीची गाडी हयसरच लागते ना गो?” बाजारातल्या एका पेढेवाल्याचा फलकही त्यांचाच. तो बघून वाटतं, आत पेढे नाहीत, उलटी मोजणी चालू आहे. आंब्याच्या पेटीवर मात्र ही अक्षरं शोभतात, हे कबूल करायला हवं. शंभर पेट्यांच्या ढिगात काकांचा ‘हापूस’ लांबूनही ओळखू येतो.

कुणी साधी, वळणदार अक्षरं मागितली, तर काकांचं उत्तर ठरलेलं. “वळसे घातलेत की माणूस चुकतो. सरळ काडी, साफ बोलणा!”

पण ‘ळ’ आला की ही साफ बोलणारी काडी गप्प. नारळवाल्याला त्यांनी ‘श्रीफल’ लिहून दिलं. गिऱ्हाइकं विचारायची, हे कसलं औषध? मंडळाच्या पोरांना दोन दिवस समजावून ‘संघ’ गळी उतरवला. मी एकदा म्हटलं, “काका, दोन चौकोन शेजारी काढा की. चष्म्यासारखा दिसेल, दिसू दे.” “नाय जमत,” म्हणाले आणि कीबोर्ड पुसायला लागले. कीबोर्ड स्वच्छच होता.

मागच्या वर्षी माझ्या आईची नजर गेली. अगदी आंधळी नव्हे, पण समोरचं सगळं पुसट. मी पावस गावाच्या पुढे एका शाळेत शिकवते, पहाटेच्या एसटीने निघते. मागे आई एकटी. गोळ्यांच्या डब्यांवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचे, पण ती तिला दिसेनात. एकदा रात्रीची झोपेची गोळी तिने सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत पडवीत निपचित पडून राहिली. शेजारीण घाबरून रडायला लागली. मुंबईचा भाऊ म्हणाला, “आता पुरे. तिला इकडे घेऊन ये.” आई म्हणाली, “मी हय्‌सून हलायची नाय. त्या घड्याळातले आकडे दिसतात की मला!”

फडताळावर आमचं लाल आकड्यांचं जुनं घड्याळ होतं. ते तिला खरंच वाचता येत होतं. मी तशीच उठून दत्तूकाकांकडे गेले.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. एक शब्दही थट्टेचा नाही. संगणकावर ‘दुपार’ आणि ‘रात्र’ लगेच निघाली, अगदी डबीच्या झाकणाच्या मापाची. मी चकित झाले. तिसऱ्या डबीला मात्र त्यांचा हात थांबला.

“सकाळ पण लागेल?”

“लागेलच ना, काका. मी घरात नसते.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “ही अक्षरां सुमनसाठी केलेली. तिला पण शेवटी घड्याळच तेवढा दिसायचा.” सुमनकाकी म्हणजे त्यांची बायको. घराच्या ओटीवर काळा चष्मा लावून बसलेली मला अंधुक आठवते. “दुपारी, रात्री मी हय दुकानात. ते डबे तिचे ती वाचायची. सकाळची गोळी मी चहाबरोबर तिच्या हातावर ठेवायचो. ळ लागलाच नाय गो कधी. ती गेल्यावर करायला बसायचो, तर वाटायचा, आता कोणासाठी?”

छापलेले दोन्ही शब्द मी पिशवीत ठेवले. “उद्या येतो मी,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः डबी घेऊन आमच्याकडे आले. आईने ती जवळ धरली, लांब धरली, मान तिरकी केली.

“सकाळ,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “हा शेवटचा चष्म्यासारखा काय काढलात हो?”

काका एवढे हसले की डोळे पुसावे लागले. आई अजून रत्नागिरीतच आहे, आपल्या घरात, आपल्या गोळ्या आपण घेते. काकांचे हे उपकार मी कसे फेडू, कळत नाही. यंदाच्या फलकावर पोरांनी ‘मंडळ’ परत लिहून घेतलंय, त्यातले दोन चौकोन बघूनही मला भरून येतं.

त्या संध्याकाळी पायरी उतरताना काका मागे वळले आणि आईला म्हणाले, “वहिनी, सकाळची मात्र चहाबरोबर घ्या हां.”