फक्त तुलाच पाठवतोय

बहिणीला एक गाणं पाठवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बँक लुटायचं ठरवलं नव्हतं की कुणाची जमीन लाटायचं ठरवलं नव्हतं. तरीही पुढच्या नऊ दिवसांत बायको, पुण्याची एक म्युझिक कंपनी, पोलीस खातं आणि आमच्या गल्लीतल्या यच्चयावत बायका माझ्यावर रागावल्या, आणि मी त्या सगळ्यांवर रागावलो. (मी आधी रागावलो होतो, हे नोंदवून ठेवा. क्रम महत्त्वाचा असतो.)

क्रमाचं मला कळतं. मी सोलापुरात एका सरकारी कचेरीत आवक-जावकला वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून 'गोपनीय' शिक्क्याचं एकही पाकीट फुटलेलं नाही. बदल्यांची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये असताना लोकांनी मला चहा पाजला, भजी चारली, एकाने तर सांगोल्याहून डाळिंबाची पेटी आणून दिली. मी डाळिंबं खाल्ली, पण यादी सांगितली नाही. असा माणूस आहे मी.

माझी बायको बुद्धप्रिया गाते. सव्वीस वर्षं गाते, पण कोरसमध्ये. भीमगीतांच्या कार्यक्रमात मुख्य गायक पुढे उभा राहतो आणि मागे चार बायका एकाच माइकवर त्याची ओळ उचलतात. त्यातली डावीकडून शेवटची, ती आमची. कॅसेटच्या जमान्यापासून तिचा आवाज शंभरेक गाण्यांत आहे आणि नाव एकातही नाही.

यंदा पहिल्यांदाच पुण्याच्या त्या कंपनीने तिचं स्वतःचं गाणं घेतलं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. तिची आई साठाव्या वर्षी सही करायला शिकली, तिच्यावरचं गाणं. 'माझं नाव मी लिहिते गं, माझ्या भीमाच्या पाटीवर.' मी गाण्यातला औरंगजेब, पण त्यातल्या 'नाव' शब्दावर ती जो सूर लावते, तो ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो. जयंतीच्या आठवडाभर आधी गाणं बाहेर पडणार होतं. पोस्टरवर तिचा एकटीचा फोटो आणि खाली तिचं नाव. करार पाच पानांचा होता. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. मी वाचला नाही. (बंद पाकिटांची सवय.)

कंपनीने तयार गाणं ऐकायला एक लिंक पाठवली. ती फक्त तिच्याच फोनवर उघडायची आणि गाणं उतरवून घेता यायचं नाही. रविवारी सकाळी स्वयंपाक करता करता तिने ते छोट्या स्पीकरवर लावलं. मी ओट्यापाशी वाटीत आमटी घेऊन चव बघत उभा होतो. गाणं सुरू होतंय तोच मला आक्काची आठवण झाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मीनाबाई, बार्शीला दिलेली. आमच्या लग्नात चार पाहुण्यांपुढे ती म्हणाली होती, "गाती म्हणं! चौघीत उभं राहून कोण बी गाईल की." हे वाक्य सव्वीस वर्षं माझ्या डोक्यात आहे. बुद्धप्रिया विसरली असेल, मी नाही. मी खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन मसाल्याच्या डब्यांमागे ठेवला. गाणं संपल्यावर स्वतः एकदाही न ऐकता ते तसंच आक्काला पाठवलं. खाली लिहिलं, 'फक्त तुलाच पाठवतोय. पुढं कुणाला पाठवू नको. आता सांग, कोण बी गाईल का?'

आता तुम्हीच सांगा, ह्याला लीक म्हणतात? घरात शेंगापोळी झाली की एक वाटी शेजारच्या सोजरबाईंकडे जाते. ती काय घाऊक विक्री झाली? आपल्या माणसाला आपल्या घरातलं गाणं ऐकवलं तर त्यात कायदा कुठून आला?

पाचव्या दिवशी वाटी परत आली. सोजरबाई फोन नाचवत दारातून आत शिरल्या.

"बुद्धप्रिया, हे ऐक गं! लई गोड गाणं आलंय. सगळ्या ग्रुपवर फिरतंय. कोण पोरगी हाय काय की. तू बी असलं कायतरी गा की, किती दिस मागं उभी राहणार?"

पहिल्या दोन ओळी वाजल्या. बुद्धप्रियाने हात पुढे करून फोन बंद केला. पडद्यावर गॉगल लावलेल्या एका पोराचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'जयंती स्पेशल, डीजे सुमित, सोलापूर'. ती तिथेच फरशीवर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "ह्यात माझं नाव कुटं हाय?"

आणि मी पेटलो. तुम्ही मला पेटलेलं पाहिलेलं नाही. (ऑफिसने पाहिलंय, पंखा बंद पडला तेव्हा.) मी कंपनीच्या मॅनेजरला, त्या अमृतला, फोन लावला.

"गाणं फोडलं ना शेवटी? तुमच्या स्टुडिओतल्या एकेकाला उभं करा माझ्यापुढं!"

"सर, आमच्याकडून बाहेर गेलेलं नाही. ते कुणीतरी घरात फोनवर रेकॉर्ड केलंय. करारातलं कलम अकरा वाचा. गायिकेच्या बाजूने गाणं फुटलं तर करार रद्द. गाणं येणार नाही."

"घरात? आमच्या घरात आम्ही दोघंच असतो!"

"तेच म्हणतोय सर."

किती उद्धट माणूस! खात्री म्हणून मी आक्कालाही फोन केला. ती म्हणाली, "कुणालाच न्हाय पाठवलं. शप्पथ!" सख्ख्या बहिणीची शपथ म्हटल्यावर विषय मिटला. गाणं कंपनीतूनच फुटलं होतं. मी फुलस्केप काढला आणि चार पानी तक्रार लिहिली. कॉपीराइट कायदा, कलम त्रेसष्ट, सगळं इंटरनेटवरून शोधून लाल शाईने अधोरेखित केलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बुद्धप्रियाला घेऊन मी सायबर पोलीस ठाण्यात हजर झालो.

तिथल्या फौजदार महेश्वरी मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी चारही पानं वाचली.

"अक्षर सुंदर आहे तुमचं."

"मॅडम, अक्षराचं सोडा. त्या माणसाला शिक्षा किती होईल ते सांगा."

"गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिने ते तीन वर्षं. वर दंड."

"तीनच?" मी टेबलावर हात आपटला. "कमी हाय मॅडम! ह्या बाईनं सव्वीस वर्षं वाट बघितली. त्या हरामखोराला तीन वर्षं? वाढवता येत न्हाय का?"

"आधी पुरावा तर ऐकू," असं म्हणून त्यांनी गाणं लावलं.

ते फिरणारं रेकॉर्डिंग मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होतो. एक हवालदार जेवणाचा डबा उघडायचा थांबला. बुद्धप्रियाचा आवाज चढत चढत त्या ओळीवर आला, 'माझं नाव...' आणि त्या सुरावर, ऐन 'नाव' शब्दावर, एक घोगरा पुरुषी आवाज खणखणीत उमटला,

"अगं, आमटीत मीठ कमी हाय!"

मग कुकरची शिट्टी झाली.

हवालदाराला ठसका लागला. मॅडमनी गाणं मागे घेतलं आणि तो तुकडा पुन्हा लावला. मीठ पुन्हा कमी होतं.

"हा आवाज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"स्टुडिओतला असंल कुणाचा तरी," मी म्हणालो.

"स्टुडिओत आमटी?"

"आजकाल काय सांगावं मॅडम, कॅन्टीन वगैरे..."

"ह्यांचा हाय," बुद्धप्रिया म्हणाली. माझ्याकडे न बघता. "सव्वीस वर्षं रोज ऐकते मी."

मॅडमनी माझी तक्रार पुन्हा उघडली आणि चष्मा सारखा केला. "तुम्ही लिहिलंय, 'सदर इसमास कोणतीही दयामाया न दाखवता कठोरात कठोर शिक्षा व्हावी.' मग सदर इसमाचं नाव काय लिहू?"

मी तिथूनच आक्काला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "कुणालाच म्हंजे परक्या कुणालाच न्हाय रं धर्मा. दिपकला पाठवलं. जावई हाय माझा, तो काय परका हाय का?" दिपकला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, मी फक्त सुमितला दिलं. डीजे हाय ना तो, त्याला गाण्यातलं कळतंय. अन् त्याला सांगितलं होतं की, कुणाला देऊ नको म्हणून." प्रत्येकाने फक्त एकालाच पाठवलं होतं. प्रत्येकाने बजावलंही होतं. मला प्रत्येकाचा राग आला, पण या साखळीची पहिली कडी कोण आहे ते माझ्या चांगलं लक्षात आलं.

बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. बुद्धप्रिया ठाण्याच्या पायरीवर उभी राहिली आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आक्कांना दाखवायचं होतं ना तुमाला?"

"व्हय. तुझ्यासाठीच की गं. तिनं लग्नात..."

"मला ठाव हाय काय म्हणल्या ते. मी बी विसरले न्हाय. म्हणूनच पोस्टरवर नाव आलं की पयला फोन मी त्यांनाच करणार होते. मी!" तिचा आवाज फाटला. "गाणं माझं होतं. कुणाला, कधी ऐकवायचं, ते मी ठरवणार होते. सगळ्या जन्मात एवढी एक गोष्ट मी ठरवणार होते, ती बी तुमी कौतुकानं वाटून टाकली. मला इचारलं का? तुमच्या हापिसातलं पाकीट फुटत न्हाय, अन् माझं फुटलं."

एरवी माझ्याकडे रागाचा साठा असतो, पण त्या पायरीवर तो संपला. मी चूक केली होती. लीक, वाटी, आपला माणूस, हे सगळं बाजूला ठेवा. जे माझं नव्हतं ते मी देऊन टाकलं होतं.

ती वळून पुन्हा आत गेली, मी तिच्या मागे. तिने मॅडमना विचारलं, "मी ह्यांच्या इरुद्ध अर्ज दिला तर चालंल?"

"चालेल की."

"लिहा," ती मला म्हणाली.

आणि मी लिहिला. अर्जदार बुद्धप्रिया, गैरअर्जदार धर्मपाल. स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतःच्या सुंदर अक्षरात, कलमासकट. (लाल शाईही वापरली. हाताला सवय.) तिने खाली सही केली, पण तारखेची जागा मोकळी ठेवली, घडी घालून अर्ज पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "देईन मॅडम. वेळ आली की."

मग बाहेर येऊन तिने ठाण्याच्या पायरीवर उभं करून माझा व्हिडिओ काढला. मी हात जोडून म्हणालो, "जयभीम. मी धर्मपाल. फिरतंय ते गाणं माझी बायको बुद्धप्रिया हिचं आहे, सुमितचं नाही. मी ते चोरून रेकॉर्ड केलं. मीठ कमी हाय म्हणणारा इसम मीच." मॅडमचा एकच फोन गेल्यावर सुमितने गाणं काढून टाकलं, आपला गॉगलवाला फोटोसुद्धा काढला. माझा व्हिडिओ मात्र गाण्याच्या दुप्पट वेगाने फिरला. खाली बायकांनी काय काय लिहिलं ते इथे सांगता येणार नाही. त्यातलं सौम्य तेवढं सांगतो, 'मेल्याला रोज अळणी घाला.' हे सोजरबाईंचं होतं.

पण त्या व्हिडिओमुळे गायिकेचं नाव अख्ख्या जिल्ह्याला कळलं. अमृतने दोन दिवसांनी बुद्धप्रियाला फोन केला. गायिकेची यात काही चूक नाही असा माझा लेखी कबुलीजबाब घेऊन कंपनीने करार कायम ठेवला आणि गाणं ठरल्यापेक्षा आधीच सोडलं. पोस्टरवर तिचा एकटीचा फोटो आहे.

जयंतीला तिने ते स्टेजवर गायलं. पुढे, मधोमध, एकटी. 'माझं नाव' ओळ जवळ आली तशी गर्दीतली पोरं ओरडायच्या तयारीत हसायला लागली. तिने नुसता हात वर केला. सगळे गप्प झाले. तिने तो सूर लावला, पुरा, कुणीही मधे न येता, आणि आक्काने, जी बार्शीहून मुद्दाम आली होती, पदराने डोळे पुसले. सूर संपल्यावर बुद्धप्रियाने माझ्याकडे बोट केलं आणि दोन हजार माणसं एका आवाजात ओरडली, "मीठ कमी हाय!" मी स्टेजच्या मागे उभा होतो. डावीकडून शेवटचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला वाढलं. आमटीत मीठ कमी नव्हतं, मीठ नव्हतंच. मी पहिला घास घेतला आणि माझी नजर समोरच्या लोखंडी कपाटाकडे गेली. त्यात, तिच्या साड्यांखाली, तारीख न टाकलेला तो अर्ज आहे.

"कशी झालीय आमटी?" तिने विचारलं.

"झकास!"

"मीठ?"

"मीठ अगदी बरोबर हाय."

तिने मसाल्याच्या डब्यांमागून आपला फोन काढला आणि माझ्या तोंडापुढे धरला. "जरा मोठ्यानं म्हणा. आक्कांना पाठवायचंय. फक्त त्यांनाच."