अकरा वेळा विसळा

बाईंच्या पानाखाली पुन्हा कुणीतरी खुसपट काढलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी संगणक उघडला, तर ‘नमुन्याची बाटली कशी धुवावी’ या पानाखाली नवी नोंद हजर: “‘थोडा वेळ भिजवावी’ म्हणजे किती मिनिटं? मोघम नको. – वाचक ४१.”

“परवा ‘कोमट’वर घसरला होता, आज ‘थोडा वेळ’वर,” बाई दातओठ खात म्हणाल्या. “उद्या माझ्या पूर्णविरामावर येईल मेला!”

बाई म्हणजे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मुख्य तपासनीस. अशा प्रयोगशाळा आठ, आणि आठांच्या आठ तऱ्हा. एकाच विहिरीचं पाणी एकीकडे चांगलं ठरायचं, दुसरीकडे वाईट. म्हणून तीन वर्षांपूर्वी बाईंनी इंटरनेटवर एक विकी सुरू केला. प्रत्येकानं आपली पारखलेली पद्धत तिथं लिहायची, इतरांनी प्रश्न विचारायचे, पुरावा मागायचा, आणि दोघांनी मंजुरी दिली की पानाला कुलूप. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि नंतर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. बासष्टच्या बासष्ट पानं बाईंनी एकटीनं लिहिली.

‘प्रत्येकानं निःसंकोच प्रश्न विचारावेत’ हा पहिला नियमही त्यांचाच, तोही ठळक अक्षरांत. पण कुणी खरोखरच विचारील असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

त्यात येत्या शुक्रवारी आठही प्रयोगशाळांच्या प्रमुखांचं मंडळ बसणार होतं. विकी चालू ठेवायचा की गुंडाळायचा, याचा निकाल लागायचा होता. मंडळाच्या अध्यक्ष साहेबांनी आधीच बजावलं होतं, “बाई, एक जरी पान चुकीचं निघालं, तर मला तुमची बाजू घेता येणार नाही हं.” आणि नेमक्या अशा वेळी हा एक्केचाळीस नंबर उगवला होता. कुठंतरी पाणी मुरतंय, अशी बाईंची खात्रीच झाली.

संशयित तिघे. सूक्ष्मदर्शकावर बसणारा भिंगवाला, कारण तो गालात हसायचा. भांडारपाल, कारण तो कधीच हसायचा नाही. आणि संगणकवाला, कारण त्याला सगळं येत होतं.

बाईंनी सापळा लावला. तपासणीच्या खोलीत फोन न्यायला बंदी, फोन बाहेरच्या फळीवर ठेवायचे. तिघांनाही बाईंनी हातमोजे घालून आत बोलावलं, बाटल्या मोजायला बसवलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या संगणकावर पानात एक ढळढळीत चूक घातली. ‘डिस्टिल्ड पाण्यानं तीन वेळा विसळावी’च्या जागी ‘अकरा वेळा विसळावी’. आता ज्याच्या जिवाची घालमेल होईल, जो फोनकडे पळेल, तोच चोर.

कुणी हललं नाही. भांडारपाल चाळिसाव्या बाटलीपर्यंत पोचला होता. आणि चौथ्या मिनिटाला पडद्यावर नोंद उमटली: “अकरा? कशावरून? पुरावा? – वाचक ४१.”

बाईंनी तिघांचे सहाही हात पाहिले. सगळे हातमोज्यांत, सगळे बाटल्यांवर.

“काय झालं, बाई?” भिंगवाल्यानं विचारलं. गालात हसतच.

“काही नाही. मोजा.” म्हणजे हे बाहेरचं कारस्थान होतं तर! बाईंनी रागारागानं वाचक ४१चं खातं गोठवून टाकलं आणि जेवायला गेल्या. आल्यावर अकराचे तीन करू म्हणाल्या.

आल्या तेव्हा पानाला कुलूप लागलं होतं.

“मंजुरी कुणी दिली?” बाई किंचाळल्याच.

“मी,” भांडारपाल म्हणाला. “मीपण,” भिंगवाला म्हणाला. “बाहेर आलो, फोनवर तुमचा बदल आलेला दिसला. दिली दाबून.”

“न वाचता?”

“तुमचं काय वाचायचं, बाई? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.”

दुसऱ्या दिवसापासून आठही प्रयोगशाळांत बाटल्या अकरा अकरा वेळा विसळल्या जाऊ लागल्या. तीन वर्षांत ज्या विकीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो अचानक वेदवाक्य झाला, कारण मंडळ बसणार म्हणून सगळ्यांनाच आज्ञाधारकपणाचा झटका आला होता. बुधवारी दुपारपर्यंत डिस्टिल्ड पाणी संपलं. नमुने टेबलांवरून जमिनीवर आले, जमिनीवरून जिन्यात.

“अहो, तीनच वेळा विसळा!” बाई हात जोडून म्हणाल्या. “अकरा चुकीचं आहे. मी सांगतेय ना!”

भांडारपालानं आवाज खाली आणला. “बाई, आम्ही काय आज ओळखतो तुम्हाला? मंडळ यायच्या आधी तुम्ही आमची परीक्षा घेताय. तोंडी सांगितलं म्हणून लेखी पद्धत मोडतो का, ते बघताय. आम्ही नाही फसणार.” आणि त्यानं डोळा मारला. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदाच हसला, तोही असा नको त्या वेळी.

बाई संगणकवाल्याकडे धावल्या. “हे कुलूप उघड बाबा कसंही करून.”

“कुलूप लागायच्या आधी कुणी हरकत घेतली असेल, तर त्यानं ती पुन्हा मांडली की उघडतं. नियम सात. तुमचाच आहे.”

“घेतली होती की! वाचक ४१नं!”

“त्याला तर कुणीतरी गोठवलंय.”

“ते मी बघते,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांनी खातं मोकळं केलं आणि नम्र निरोप धाडला. उत्तर नाही. आणखी नम्र निरोप धाडला. तरी नाही. गुरुवारी दुपारी संगणकवाला खुर्ची फिरवून त्यांच्याकडे एकटक बघायला लागला.

“बाई, एक विचारू? तुम्ही संध्याकाळी घरून पानं लिहिता, त्याच इंटरनेट जोडणीवरून हा वाचक येतो. तुमच्या घरातून. वाचक ४१ तुम्हीच नाही ना?”

बाई तडक घरी आल्या. दारातच नवरा भेटला.

“तूच ना तो?”

“मी काय केलं?” नवऱ्याचा चेहरा लगेच अपराधी झाला. बावीस वर्षांच्या सवयीनं तो आधी अपराधी व्हायचा आणि मग कारण विचारायचा.

“माझी पानं चोरून वाचतोस आणि वर खुसपटं काढतोस!”

“अगं, मी तुझी किराणा मालाची यादीसुद्धा नीट वाचत नाही!”

“त्याला कशाला दटावतेस?” खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर टॅबलेट होता. त्यावर त्या दिवसभर पत्ते खेळतात, असा घरात समज होता. “मी आहे ती.”

बाई गर्रकन वळल्या. “आई, तुम्ही?”

“ऑफिसात काय केलंस म्हणून विचारलं, की तू म्हणतेस, ‘तुम्हाला नाही कळायचं.’ म्हटलं, बघू तरी काय कळत नाही ते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. बासष्ट पानं वाचली. सगळं कळलं. ‘थोडा वेळ’ तेवढं कळलं नाही, म्हणून विचारलं.”

“मग निरोपाला उत्तर का नाही दिलंत?”

“मला गोठवलंस.” सासूबाईंनी टॅबलेट पालथा घातला. “तीस वर्षांत मला कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत त्यांची सगळी पानं वाचणारं एकच माणूस निघालं, ते घरातच होतं, आणि त्यांनी त्याच्या तोंडावर दार आपटलं होतं. “चुकलं माझं, आई,” त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं. “उद्या विकी बंद पडेल हो.”

“रडू नकोस. लिही.”

सासूबाईंनी हरकत पुन्हा मांडली, कुलूप उघडलं. बाईंनी अकराचे तीन केले आणि बदलाचं कारण लिहिलं, ‘टंकताना झालेली चूक’.

“नामंजूर,” सासूबाई म्हणाल्या. “तीन लिहिताना अकरा होत नाही.”

बाईंनी लिहिलं, ‘संशय’.

“कुणाचा? मोघम नको.”

बाईंनी लिहिलं, ‘सगळ्यांचा’. सासूबाईंनी मंजुरी दिली. दुसरी मंजुरी बाईंनी फोन करून संगणकवाल्याकडून घेतली. त्यानं या खेपेला पान दोनदा वाचलं.

शुक्रवारी मंडळासमोर भिंतीवर तेच पान झळकलं. साहेबांनी ‘सगळ्यांचा’पर्यंत वाचलं, चष्मा काढला, परत लावला. बाईंनी घडलेलं सगळं सांगून टाकलं. साहेब तोंड उघडणार एवढ्यात पानाखाली नवी ओळ आली: “तीन तरी कशावरून? पुरावा? – वाचक ४१.”

“आहे ना पुरावा?” साहेबांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. कोण बघणार होतं? पण बाईंना खिडकीजवळची ती खुर्ची दिसत होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे तीन वेळा धुवायचे. तेच लिहिलं.”

खोलीत चुळबुळ झाली. मग एका प्रयोगशाळेचा प्रमुख हळूच म्हणाला, “आमच्याकडे दोनदाच धुतात.” “आम्ही पाच वेळा,” दुसरी म्हणाली. तिसरा म्हणाला, त्याला माहीतच नाही. तीन वर्षांत मंडळाच्या बैठकीत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. साहेब खूश झाले. “हे कळायलाच तर विकी हवा! चालू राहील,” ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून भिंगवाला उठला.

“साहेब, तीनचा पुरावा नाही, पण अकराचा आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि अकराव्या विसळणीचं पाणी मी मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस तपासलं. अकरावं सगळ्यांत स्वच्छ आहे. हा आलेख.”

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि बाईंकडे वळले. “मग बाई, तीनचा पुरावा येईपर्यंत पानावर अकराच राहणार. नियम तुमचाच आहे.”

सोमवारी सकाळी बाई दोनशे बाटल्या घेऊन मोरीपाशी उभ्या राहिल्या. शंभर तीनदा विसळायच्या, शंभर अकरादा. मोजदाद मात्र त्यांनी प्रयोगशाळेतल्या कुणावरही सोपवली नाही. शेजारी खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या, आणि सदतिसाव्या बाटलीला त्या म्हणाल्या, “ही दोनदाच झाली. परत धर.”