शमुवेलमामांचा डावा कार्बोरेटर

शमुवेलमामांना चहाला बोलवायचं म्हणजे यजमानाने मनाची थोडी तयारी ठेवलेली बरी. मामा खुर्चीत पुरते बसत नाहीत, कडेला टेकतात. बशीतलं बिस्कीट उचलतात, पण खात नाहीत. शर्टाच्या खिशातून मोटारसायकलचा स्पार्क प्लग काढतात, त्याचं टोक बिस्किटाला लावून धरतात आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात नेऊन बघत राहतात. मग मान हलवतात. प्लग खिशात, बिस्कीट परत बशीत.

माझ्या मेहुणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्या मंडळींसमोर त्यांनी हेच केलं. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे तुमचे कोण? शेजारी, असं मी म्हणालो. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

यात वेडेपणा नाही, असं मामांचं म्हणणं. इंजिनाला पेट्रोल जास्त झालं की प्लगचं टोक काळं पडतं, कमी पडलं की पांढरं. बरोबर असलं की भाजलेल्या बिस्किटासारखा रंग येतो. मामांच्या भाषेत काळा म्हणजे अजीर्ण आणि पांढरा म्हणजे उपास. हे शास्त्र ते माणसांनाही लावतात. आमचे मुख्याध्यापक एकदा रस्त्यात भेटले, तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मामा मला हळूच म्हणाले, "उपाशी चाललंय इंजिन. घरी काय बरं न्हाई." ते खरं निघालं, पण ती गोष्ट वेगळी.

राहात्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मी शाळेत गणित शिकवतो. मामा साखर कारखान्यात फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उसाच्या चरकांच्या आणि टर्बाइनच्या गडगडाटात काढली. निवृत्त झाले आणि पायाला भिंगरी लागली. सकाळी पंप उघडायचा, दुपारी बंद पंख्याची पाती पुसायची, संध्याकाळी चांगला चालणारा मिक्सर खोलून तो का चांगला चालतो ते बघायचं. शेवटी रूथमामींनीच परसातल्या पेरूच्या झाडाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या मोटारसायकलकडे बोट दाखवलं. हात गुंतवायला काहीतरी मोठं द्यावं, म्हणजे स्वयंपाकघर तरी वाचेल, असा त्यांचा हिशोब.

ती गाडी मामांनी तरुणपणी घेतलेली, दोन सिलिंडरची. वर्षभरात त्यांनी इंजिन उभं केलं. नगरला जाऊन झिजलेले सिलिंडर आतून घासून, म्हणजे बोअर करून, आणले, पिस्टन नवे घातले. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं झालं. मग त्यांनी हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे जुने कार्बोरेटर काढून टाकले आणि रेसच्या गाड्यांना लावतात तसे मोठ्या तोंडाचे दोन नवे मागवले. पार्सल आलं त्या दिवशी रूथमामींना शोकेसमधली फुलदाणी हलवून त्यांना जागा द्यावी लागली. पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी मामा ते दाखवत.

बसवायला एक दिवस आणि जुळवायला आठवडा, असं ते म्हणाले होते. चार महिने झाले तरी जुळेनात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे पितळेचे बारीक जेट असतात, कुणाचं भोक लहान, कुणाचं मोठं. मामांनी ते मामींच्या मसाल्याच्या डब्यात, वाटीवाटीत वेगळे करून ठेवले होते. एकदा आमटीत जेट निघाला. मामांनी तो धुतला, चष्मा लावून त्यावरचा नंबर वाचला आणि हाच दोन दिवस शोधत होतो म्हणाले. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

उजवा प्लग बिस्कीट, डावा खडू. रोज तेच. मामा डाव्याचा जेट बदलत, सुई वर-खाली करत, कालव्याच्या रस्त्याला जाऊन येत, प्लग काढत, पुन्हा खडू. ते झोपेतही बोटांनी स्क्रू फिरवतात, असं मामी सांगत.

आणि या सगळ्यात मी सापडलो. सकाळी शाळेला निघायच्या वेळी भिंतीपलीकडून हाक यायची, "सर, दोन मिन्टं." गेलो की ते माझ्या हातात रबराची नळी देत. एक टोक माझ्या कानात, दुसरं चालू इंजिनाच्या कार्बोरेटरच्या तोंडापाशी. आधी डावा, मग उजवा. दोन्ही सारख्या जोराने हवा ओढतात का, ते ऐकून सांगायचं.

"काय म्हनती?" मामा विचारत. विचारताना इंजिनाकडे बघतच नसत, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटायचं, हे माझी तोंडी परीक्षा घेतायत. आयुष्यभर मी पोरांची घेतली, आता या वयात शेजारी माझी घेतोय. शिवाय कपड्यांना धुराचा वास लागायचा आणि वर्गात पोरं नाकं मुरडायची. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, काही का ऐकू येईना, उत्तर एकच. सारखं आहे मामा.

त्या दिवशीही मी तेच म्हणालो. खरं तर डाव्या बाजूला हवा ओढण्याच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. बारीक, लांबट, दातांच्या फटीतून सी करावं तसा. मला तो स्पष्ट ऐकू आला. पण शाळेची घंटा व्हायला आली होती, आणि ते सांगितलं असतं तर आणखी अर्धा तास गेला असता.

"सारखंय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"एकदम सारखं," मी म्हणालो आणि सायकल काढली.

दुसऱ्या तासाला शिपाई निरोप घेऊन आला. कालव्याच्या रस्त्यावर मामांनी गाडीची मूठ पूर्ण पिळली होती. डाव्या सिलिंडरचा पिस्टन तापून जागेवरच चिकटला, मागचं चाक अडकलं आणि गाडी मामांसकट बांधावरून शेजारच्या उसात गेली. ऊस होता म्हणून वाचले. डावं मनगट मोडलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर रूथमामी पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्या मामांवर चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी वेगळंच सांगितलं. पिस्टन चिकटायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलतो, चढतो. कुठल्याही मेकॅनिकला तो कळतो आणि तो क्लच दाबतो. यांना कळला नाही. कारखान्याच्या आवाजाने यांचा उजवा कान केव्हाच गेलाय. कुणाला सांगू देत नाहीत. इंजिनाच्या माणसाला ऐकू येत नाही म्हटलं तर लोक हसतील म्हणतात.

"डावा चांगला हाय म्हनून बरं," मामी म्हणाल्या. "आनि तुमी हाय. सर ऐकून सांगत्यात म्हनून मी त्यांना जाऊ देते."

त्यानंतर शाळेत शिकवताना माझं लक्ष लागेना. फळ्यावर गणित अर्धं सोडून मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. घरी भिंतीजवळ बसवत नसे, हाक आली तर काय करू म्हणून. हाक आली नाही, म्हणून तर आणखी बसवेना. सहाव्या दिवशी मी स्वतःच गेलो. मामा पलंगावर पडून उजव्या हाताने प्लास्टरची जाडी मोजत होते. मी सगळं सांगितलं. आवाज आला होता, मला उशीर होत होता, म्हणून खोटं बोललो.

ते प्लास्टर मोजतच राहिले. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. खोटेपणा मोठ्या आवाजात कबूल करणं फार अवघड असतं.

"ऐकलं," मामा म्हणाले. मग कोपरावर उठून बसले. "कसा हुता? लांबट, का तुटक?"

"लांबट. सी करावं तसा."

"आनि इंजिन वाढवलं की वाढायचा?"

"हो."

"मग हवा आत घुसत हुती! म्हनून डावा उपाशी, म्हनून तापला!" ते पलंगावरून उतरायलाच निघाले. मामींनी दंडाला धरून परत बसवलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी मात्र ते बोलतील म्हणून वाट बघत राहिलो.

प्लास्टर निघेपर्यंत त्यांनी घरात इतक्या फेऱ्या मारल्या की मामी म्हणाल्या, याचं अंतर मोजलं असतं तर पायी कोपरगाव झालं असतं. मग पुन्हा नगर, पुन्हा बोअर, पुन्हा नवा पिस्टन. इंजिन चालू झालं तेव्हा मी रविवारचा दिवस असल्यासारखा सावकाश नळी घेऊन बसलो, आणि शाळेत उशिरा येईन असं कळवून आलो होतो. डाव्या बाजूला तीच सी होती. मी नळी इंचाइंचाने सरकवत गेलो. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारं एक जाड रबर असतं, तिथे खालच्या अंगाला ती सर्वांत मोठी झाली. मी बोट ठेवलं. आवाज बंद. उचललं, चालू. रबराला केसाएवढी चीर होती, कुणाला दिसली नसती अशी.

नवं रबर बसलं. त्या दुपारी मामा मला मागे बसवून कालव्याच्या रस्त्याने गेले आणि एका बाभळीखाली थांबून दोन्ही प्लग काढले. दोन्हींचा रंग सारखा. मी टाळी वाजवली. मामा मात्र कालव्याच्या पाण्याकडे बघत होते, पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

"सर, ह्या रविवारी चर्चला याल का?"

मला वाटलं, आभाराची प्रार्थना असेल. तसं नव्हतं. ते पान्यावर पुसायला काही नसताना तो पुसत म्हणाले, "इंजिनाचं धाडधाड मला ऐकू येतं. बारीक काय असंल ते न्हाई येत. डाव्या कानालाबी. रूथला वाटतं डावा शाबूत हाय. ती तिथं गाती. मधल्या कडव्यात आवाज वर नेती. मला निस्तं तोंड हललेलं दिसतंय. तेवढं ऐकून सांगा."

मी म्हणालो, मामींनाच विचारा ना, आवाज कसा लागला म्हणून.

"इचारलं तर तिला कळंल. मग ती गाताना माज्याकडं बघंल, आनि तिला रडू यील. गानं बिघडंल."

रविवारी मी गेलो. मागच्या बाकावर बसलो. रूथमामी पेटीशेजारी उभ्या होत्या, निळ्या साडीत. भिंतीपलीकडून मी त्यांचा आवाज रोज ऐकत आलो, पण तो भांड्यांचा आणि मामांना रागावण्याचा. हा वेगळाच होता. मधल्या कडव्यात तो वर चढला, शेवटच्या शब्दावर जरा फाटला आणि लगेच सावरला. पहिल्या रांगेत मामा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते.

बाहेर कडुलिंबाखाली मी जसं ऐकलं तसं सांगितलं. फाटला तेही सांगितलं.

"शेवटच्या शब्दाला?"

"हो."

मामांचा चेहरा उजळला. "तिथं ती लग्नाच्या आधीपास्नं फाटती," ते म्हणाले आणि मला तिथेच सोडून पायऱ्यांकडे गेले.

रूथमामी बायकांच्या घोळक्यातून उतरत होत्या. त्यांनी पर्स मामांकडे दिली आणि सहज विचारलं, कसं झालं आज?

"झ्याक झालं," मामा म्हणाले. "पर शेवटच्या शब्दाला फाटलाच."

मामींनी गाण्याचं पुस्तक त्यांच्या खांद्यावर हलकेच मारलं. "तेवढं बरं ऐकू येतं तुमाला," त्या म्हणाल्या, आणि पायरी उतरायला त्यांचा हात धरला.