पहिल्या नावाचा मान

वडवणीच्या बसस्टँडवर एके काळी कुत्र्यालाही मान होता. फलाटावर आडव्या पडलेल्या कुत्र्याला आमचे गोविंदतात्या माईकवरून सांगायचे, "माननीय, बाजूला व्हा. माजलगाव गाडी लागतीय." आणि ते खरोखर उठायचं हो!

तात्या एसटीत कंट्रोलर. नोकरी सुटली तरी माईक सुटला नाही. लग्नांत पाहुण्यांची नावं पुकारायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांची स्वागतं चालतात. नवरदेव घामानं निथळतो, मुहूर्त टळतो, पण नाव मागंपुढं होऊन चालत नाही. पाहुणे रुसून ताटावरून उठतात. तात्या मात्र पुढाऱ्यांच्या रांगेत आचारी आणि मांडववालाही बसवायचे, तेही 'माननीय' लावून.

"तात्या, सगळेच माननीय झाल्यावर पुढाऱ्यांनी काय करावं?" मी एकदा डिवचलं.

"मान वाढायचा आसतो बे, वाढून घ्यायचा न्हाई," तात्या गरजले. त्यांना हळू बोलताच येत नसे. घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं.

तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं, रूपालीचं लग्न निघालं. माझी बहीण सुनीता विधवा. शिलाई मशीनवर तिनं एकटीनं पोरगी वाढवली, शिकवली. आणि लग्नाच्या दिवशी बाई कोठीघरात, बुंदीच्या टोपल्यांआड! मी हात धरून ओढलं, रूपाली रडली, पण ती हलेना. "शुभकार्यात माझी सावली नको, दादा. पोरीच्या संसाराला काही झालं तर?"

मुहूर्त जवळ आला. पहिल्या सोफ्यावर भाऊसाहेब, म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी, उपरणं सारखं करत बसलेले. मागं त्यांचे कार्यकर्ते. पहिलं नाव भाऊसाहेबांचं, हे शेंबडं पोरही सांगेल. तात्यांनी मला जवळ बोलावलं. "सुनीता कावून दिसंना?" मी सांगितलं. तात्यांनी माईक उचलला.

"आजच्या मंगल कार्याच्या पहिल्या मानाचं नाव..."

भाऊसाहेब हात जोडत अर्धे उठले.

"...माननीय सुनीताबाई, नवरीच्या मातोश्री!"

भाऊसाहेब तसेच अधांतरी! बसावं तर पंचाईत, उठावं तर पंचाईत. पण साहेब उठले की उठायचं, ही कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ते धडाधड उभे राहिले. ते उठले म्हणून वऱ्हाड उठलं, बायका उठल्या, जेवायला बसलेलेसुद्धा खरकट्या हातानं उठले! अख्खं मंगल कार्यालय माझ्या बहिणीसाठी उभं!

"सुनीताबाई, आसाल तिथून मंचाकडं यावं. माननीय आल्याबिगर मंगलाष्टक होणार न्हाई!"

भटजी घड्याळ दाखवत होते. तात्या ढिम्म. शेवटी कोठीघराचं दार उघडलं. पदराला हात पुसत सुनीता आली. सगळ्यांना उभं पाहून ती दचकली, परत फिरणार होती, तेवढ्यात रूपाली मुंडावळ्यांसकट मंचावरून धावली आणि आईला घट्ट धरून वर घेऊन गेली. भाऊसाहेबही कसलेले. मनापासून म्हणा, नाइलाजानं म्हणा, पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

पंगती उठल्यावर मी आनंदानं उड्या मारत तात्यांकडे गेलो. ते माईकची वायर गुंडाळत होते.

"तात्या, गाजवलंत! भाऊसाहेबांची भीती नाही वाटली?"

"वाटली की." ते खाली बघत राहिले. "मह्या लग्नात माय चुलीपशी बसली व्हती. बापाच्या माघारी खडी फोडून मला वाढवलं तिनं. मंचावर समद्या सोयऱ्यांची नावं झाली. मी नवरदेव. मी आवाज दिला आसता तर आली आसती. न्हाई दिला."

तात्यांनी वायर बाजूला ठेवली, बंद माईक तोंडाशी धरला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "माननीय गयाबाई."

साऱ्या स्टँडला उठवणारा तो आवाज शेजारी उभं राहूनही मला जेमतेम ऐकू आला.