लाल पिंपापर्यंत

पाण्यात शिरण्याआधी सासऱ्यांनी कानातलं मशीन काढून जावयाच्या हातात दिलं. जावई त्या किनाऱ्यावर जीवरक्षक होता. त्याच्या अकरा वर्षांत इथे एकही माणूस बुडाला नव्हता आणि कुणाशीही ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात तो हे सांगे. निवृत्त हेडक्लार्क असलेल्या सासऱ्यांना मात्र ही नोकरी पटलेली नव्हती. "दिवसभर उंच खुर्चीत बसायचं नि शिट्टी वाजवायची! याला काम म्हणतात?" असं ते त्याच्या तोंडावर म्हणत.

"आज लाल पिंपाला हात लावून येतो," त्यांनी जाहीर केलं. पोहण्याची हद्द दाखवणारं ते पिंप तीनशे मीटर आत तरंगत होतं. सासऱ्यांचं वय एकाहत्तर.

ते अर्ध्यावर पोचले आणि जावयाला दुर्बिणीतून पिंपापलीकडे एक काळा त्रिकोणी पर दिसला. शार्क! त्याने शिट्टी फुंकली, लाल निशाण चढवलं. दोन मिनिटांत सगळं पाणी रिकामं झालं. उरले फक्त सासरे.

"बाबा, मागे फिरा!" जावई भोंग्यातून ओरडला. मग कानाचं मशीन आपल्याच मुठीत आहे हे त्याच्या लक्षात आलं.

काठावर दोनेकशे माणसं हात हलवत ओरडू लागली. सगळ्यात पुढे सासूबाई. "अहो, परत या!" म्हणत त्या टॉवेल गरागरा फिरवत होत्या. सासऱ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या निरोपसमारंभालासुद्धा चौदाच माणसं होती. त्यांनी हात उंचावून सगळ्यांना अभिवादन केलं आणि दुप्पट जोमाने पुढे निघाले.

जावयाने होडी पाण्यात लोटली आणि जिवाच्या आकांताने वल्ही मारत तो त्यांच्याजवळ पोचला.

"बाबा, चढा!"

"बाजूला घे! होडीत बसलो तर पोहलो असं कोण म्हणेल?"

जावयाने दोन्ही तळवे जुळवून डोक्यावर धरले आणि शार्कचा पर करून दाखवला. "नमस्कार, नमस्कार!" म्हणत सासऱ्यांनी पिंपाला हात लावला.

पर आता वीस फुटांवर आला होता. जावयाने होडी मधे घातली. वल्हं पाण्यावर धाडधाड आपटत तो परतीची सबंध वाट शार्क आणि पोहणारे सासरे यांच्यामधून आला. किनारा जवळ आल्यावर पर वळला आणि खोल समुद्राकडे निघून गेला.

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरे मशीन कानात बसवत होते, तेवढ्यात सासूबाई जावयाला हळूच म्हणाल्या, "त्यांना शार्कचं कळू देऊ नका हं. हाय खातील."

"काय म्हणते ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमचं कौतुक, दुसरं काय!" जावई म्हणाला.

सासऱ्यांची छाती फुगली. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात टाकला आणि भोवतीच्या गर्दीला सांगितलं, "हे आमचे जावई. इथले जीवरक्षक. साधं काम नाही ते!" अकरा वर्षांत जावयाने हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी तो होडी धूत असताना सासरे एकटेच आले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून म्हणाले, "चांगला होडीएवढा होता रे."

जावयाच्या हातातली बादली निसटली. "तुम्हाला दिसला होता?"

"डोळ्यांना कुठे मशीन लागतं मला?"

"मग होडीत का नाही चढलात?"

सासरे होडीच्या काठावर टेकले. "बेचाळीस वर्षांच्या संसारात हिने माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. टॉवेल काय फिरवत होती, उड्या काय मारत होती! तिच्यादेखत होडीत चढू? शिवाय मधे तू होतास. तू असताना इथे कोणाला काही होत नाही, ठाऊक आहे मला." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण तिला शार्कचं सांगू नकोस. हाय खाईल."

"नाही सांगत."

"मला ऐकू येत नव्हतं, पण बरीच ओरडत असेल ना माझ्या नावाने?"

"हो बाबा," जावई बादली उचलत म्हणाला, "त्यांच्याएवढं मोठ्यानं कोणीच ओरडत नव्हतं."