धोंड्याच्या ताटातली चार पुस्तकं

मुलगी बघायला गेलेल्या माणसानं किती खरं बोलावं, याचा एक अलिखित कायदा आहे. पगार थोडा वाढवून सांगावा, शेती आहे तेवढीच सांगावी, आणि 'आवड कशाची?' असं विचारलं की नजर खाली घालून 'वाचनाची' म्हणावं. दयानंदनंही तेच केलं होतं. अहमदपूरला एका सरकारी कचेरीत तो कारकून. दिवसभर फायली चाळायच्या आणि संध्याकाळी मोबाइल चाळायचा, एवढंच त्याचं वाचन. घरात जाड म्हणावं असं एकच पुस्तक होतं, आणि ते कूलरच्या मोडक्या पायाखाली होतं. (तिथं ते फार उपयोगी पडत होतं.)

गंमत म्हणजे त्या दिवशी उज्वलानंही 'वाचन'च सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांची ही आवड इतक्या आदरानं जपली की लग्नाला दोन वर्षं होत आली तरी घरात पुस्तकाचा विषय कुणी काढला नाही.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

अधिक महिना तीनेक वर्षांतून एकदा येतो, आणि तो मुख्यतः जावयांसाठी येतो. सासुरवाडीला बोलावून त्यांचे पाय धुतात, तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण देतात, आणि ऐपत असेल तर सोनं. दयानंदचे सासरे किशनराव यांच्या ऐपतीचा प्रश्न नव्हता. मुदखेडजवळच्या गावात त्यांची केळी होती, हळद होती. गळ्यात तुळशीची माळ होती, आणि गावातलं दारूचं दुकान आपण कसं बंद पाडलं ही गोष्ट ते नव्या माणसाला चहा येण्याच्या आत सांगत.

त्यांचा फोन आला. "जावईबापू, पहिला धोंडा हाय तुमचा. काय घ्यावं बोला!"

इथं 'काही नको मामा' असं म्हणायचं असतं. त्याचा अर्थ अंगठी असा होतो, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. थोरले साडू बजरंगराव हे शिरूर अनंतपाळचे, सरळ माणूस. त्यांनी तर आडपडदा न ठेवता 'अंगठी' म्हणून सांगून टाकलं होतं. पण दयानंदला बजरंगरावांपेक्षा एक पायरी वर दिसायचं होतं. (आयुष्यात तो जेव्हा जेव्हा आपटला, तेव्हा याच पायरीवरून आपटला.)

"मला काय मामा," तो म्हणाला, "एखादं चांगलं पुस्तक दिलंत तरी खूप झालं."

हिशेब साधा होता. हे ऐकून सासरे भारावतील आणि अंगठी आणखी वजनदार करतील.

पलीकडं किशनराव बायकोला हाक मारत ओरडले, तेही फोन बाजूला न धरता. "केवळा! आगं ऐकलंस का? जावई पुस्तक मागून राह्यलेत! पुस्तक!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावात पोचली होती. असला जावई त्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता.

धोंड्याच्या आदल्या दिवशी किशनराव जावयाला घेऊन नांदेडला पुस्तकांच्या दुकानात गेले. दाराशी त्यांनी चपला काढल्या. दुकानदार संघपाल धावत आला. "काका, चपला असू द्या की." "असू द्या कशा?" किशनराव म्हणाले. "एवढी विद्या मांडून ठेवलेली हाय." आणि ते अनवाणी आत शिरून, हात जोडल्यासारखे करून कपाटांकडे वर वर बघत राहिले. चष्मा घरी राहिला होता, तरी बघत राहिले. दयानंदनंही चपला काढल्या.

"आमचे जावई हायेत," किशनरावांनी संघपालला सांगितलं. "लई वाचतात. त्येच निवडतील. फक्त रडकं पुस्तक नको. वाचून माणूस खुश झाला पायजे."

"सर, साधारण काय वाचता आपण?" संघपालनं विचारलं.

"सगळंच," दयानंद म्हणाला.

"अलीकडं काय वाचलं?"

"अलीकडं... एक जाड होतं."

संघपाल शहाणा माणूस. त्यानं पुढं काही विचारलं नाही. दयानंदनं एक गहन चेहरा केला आणि चार पुस्तकं निवडली, तीही मुखपृष्ठ बघून आणि जाडी चाचपून. एकावर पक्षी होता, ते रानावनाचं. एकावर लंगोट कसलेला पैलवान होता, ते खेळाचं. तिसरं माणूस कसा शिकतो याबद्दलचं होतं. किशनराव म्हणाले, "शाळा सुटल्यावर बी शिकता येतं म्हणा की!" चौथ्यावर द्राक्षांचा टपोरा घड होता. सासऱ्यांच्या मनात द्राक्षबाग लावायची आहे हे दयानंदच्या कानावर होतं. तेवढीच मर्जी, म्हणून त्यानं ते आवर्जून वर ठेवलं.

संघपालनं ते उचललं, किशनरावांच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, हे पण? सासरेबुवांसमोर?"

"का? चांगलं नाही?"

"चांगलं तर लई हाय. तुमची हिंमत आवडली."

दयानंदला ही आपल्या अभिरुचीची तारीफ वाटली.

दुसऱ्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसं किशनरावांच्या ओसरीवर जमली. धोंडे खायला थोडी आणि वाचणारा जावई बघायला जास्त. सासूबाई केवळाबाईंनी दोघा जावयांचे पाय धुतले, औक्षण केलं. तांब्याच्या ताटात अनारसे, दिवा आणि त्यांच्याशेजारी चार पुस्तकं. चारही पुस्तकांना हळदीकुंकू लावलं होतं. पैलवानाच्या तर नेमकं कपाळावर लागलं होतं. शेजारचे चंद्रप्पा पुढं झाले आणि वाकून ताटाला नमस्कार करून गेले.

पंगत बसली. धोंडे झाले. वाट्यांमधून आमरस आला. तेवढ्यात केवळाबाई म्हणाल्या, "जावईबापू, दोन पानं वाचून दावा की. समदे त्याच्यासाठीच थांबलेत. ह्ये द्राक्षाचं वाचा. ह्यांच्या मनात बाग हाय."

दयानंदनं ऐटीत घडाचं पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य मनात वाचलं. 'वाइनचा आस्वाद घेणे ही एक साधना आहे.'

त्यानं पान उलटलं. तिथंही वाइन होती. मधूनच उघडलं, तिथं बाटल्यांचं पानभर चित्र. त्याच्या घशातला धोंडा वर येतो की खाली जातो हे त्याला कळेना. समोर माळकरी सासरे, दारूबंदी केलेलं गाव, आणि पुस्तक त्यानं स्वतः निवडलेलं. 'मी न वाचताच निवडलं' असं सांगावं तर दोन वर्षांची अब्रू जाणार. न सांगावं तर जावई पिणारा ठरणार. अंगठी तर दोन्हीकडून जाणार.

"वाचा की," किशनराव म्हणाले. त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले होते.

दयानंदची नजर वाटीवर गेली, आणि देवानं त्याला बुद्धी दिली. "आमरसाचा आस्वाद घेणे," त्यानं मोठ्यानं वाचलं, "ही एक साधना आहे."

"द्राक्षाच्या पुस्तकात आंबा कुठून आला?" चंद्रप्पांनी विचारलं.

"सुरुवात आंब्यापासून करतात. फळांचा राजा म्हणून."

सगळ्यांना पटलं. दयानंद धीर येऊन वाचू लागला. जिथं वाइन येईल तिथं आमरस. "प्रथम... आमरस पांढऱ्या कापडासमोर धरून रंग न्याहाळावा." पंगतीतल्या सगळ्यांनी आपापली वाटी धोतराशी, टोपीशी नेऊन धरली. "मग हलकेच गोल फिरवावा. घाई करू नये. डोळे मिटून वास घ्यावा, आणि तो वास आपल्याला कुठे घेऊन जातो ते पाहावे."

ओसरीवर एवढी माणसं वाटीत नाक घालून बसली. दयानंदही थांबला. त्यानंही वास घेतला. आंब्याला इतका वास असतो? रोज खात होता, पण हे त्याला माहीत नव्हतं.

"आढीतल्या गवताचा वास येऊन राह्यलाय," चंद्रप्पा पुटपुटले.

किशनरावांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "ह्यो विहिरीवरल्या झाडाचा हाय. आईनं लावलेलं. ती दुपारी त्याखाली बसायची..." त्यांनी डोळे पुसले. "आजवर आपण नुसतं गिळलं रे. इतकी वर्सं नुसतं गिळलं!"

कुणीतरी कुठंतरी बसून चार ओळी लिहितो, आणि मुदखेडजवळच्या ओसरीवर एका माणसाला त्याची आई भेटते. हे फायलींमध्ये कधी घडलं नव्हतं. भारावून तो वाचत सुटला, आणि भारावलेला माणूस पुढचं वाक्य आधी बघत नाही.

"उत्तम आमरस लाकडी पिंपात बारा वर्षे मुरवतात."

"बारा वर्सं?" केवळाबाई दचकल्या. "नासत न्हाई?"

"लोणच्यासारखं, मामी. झाकण घट्ट लावतात. आता एक घोट तोंडात घेऊन जिभेवर घोळवावा." सगळ्यांचे गाल फुगले. "आणि मग तो थुंकून टाकावा."

पंगत गालासकट थबकली. धोंड्याच्या महिन्यात, ताटावर बसून, अन्न थुंकायचं! चंद्रप्पांचे डोळे बाहेर यायला लागले. केवळाबाईंनी तोंडावर पदर दाबला. कुणाला गिळता येईना, कुणाला बोलता येईना, आणि सगळे जावयाकडे बघत होते.

"हे... परदेशात!" दयानंद ओरडला. "तिकडं थुंकतात. त्यांना किंमत नाही. आपण गिळायचं!"

घटाघट गिळल्याचा आवाज झाला. "म्हणून तिकडल्या लोकास्नी बरकत न्हाई," चंद्रप्पांनी निकाल दिला.

शेजारून बजरंगरावांनी मान वाकवून पुस्तकात पाहिलं आणि कानाशी लागले. "साडूभाऊ, ते पुस्तक जरा आडवं धरा. मागल्या पानावर बाटली दिसून राह्यली." दयानंदनं ते झटकन आडवं केलं. "घाबरू नका, म्या न्हाई बोलायचो. पण वाचता मात्र झ्याक!"

दयानंदनं घड मिटून मांडीखाली सारला आणि पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. सुगरणीचं पान निघालं. किशनरावांच्या विहिरीकडच्या बाभळीला तसलीच घरटी लोंबत होती, ओसरीवरून दिसत होती. पुस्तकात लिहिलं होतं की ती घरटी सुगरण बांधत नाही, नर बांधतो. तो घरटं अर्धंच विणतो, मग मादी येते, आत शिरून तपासते, आणि पसंत पडलं तरच तो उरलेलं विणतो.

"म्हंजे त्याला बी दाखवायच्या कार्यक्रमाला उभं राहावं लागतं?" उज्वलानं विचारलं, आणि बायका खदखदून हसल्या.

दयानंद हसला नाही. तो बाभळीकडे बघत होता. लहानपणापासून तसली घरटी दिसत आली होती, आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं. या वेळी तो कुणाला दाखवण्यासाठी वाचत नव्हता. पुढं काय होतं ते त्याला खरोखरच हवं होतं. "मादीला घर पसंत पडलं नाही, तर तो नर..."

"थांबा!" किशनराव उठले. "आता आहेर."

त्यांनी कोपरीच्या खिशातून दोन डब्या काढल्या. एक बजरंगरावांना दिली. अंगठी घसघशीत होती. दुसरी हातात धरून ते दयानंदपुढं उभे राहिले. "जावईबापू, खरं सांगतो, तुमच्यासाठी बी केली होती. पण आज तुमाला वाचताना पाह्यलं. असल्या माणसाच्या बोटात सोनं घालायचं म्हंजे त्याचा अपमान करायचा. ह्या अंगठीचं कपाट करू, देवळात ठिवू. पुस्तकाचं."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात बजरंगरावांनी वाजवल्या, अंगठीच्या हातानं.

"आन् ही चार पुस्तकं," केवळाबाईंनी दयानंदच्या हातातून पक्षी अलगद काढून घेतला आणि मांडीखालचा घडही ओढला, "कपाटात पयली हीच. तुमचं तर वाचून झालेलं असंल."

"झालंय," दयानंद म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

अनारसे घेऊन तो अहमदपूरला परतला. पण सुगरण काही डोक्यातून जाईना. कचेरीत बसला की बाभूळ दिसे. मादीनं नाकारलं तर तो काय करत असेल? घरटं तोडतो? दुसरीची वाट बघतो? की तिथंच लटकून बसतो, बिचारा? शेवटी त्यानं कूलरखालचं जाड पुस्तक ओढून बघितलं. ते जुन्या शासकीय परिपत्रकांचं निघालं. त्यात सुगरण नव्हती. वर कूलर कलंडला.

त्याच संध्याकाळी किशनरावांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. "जावईबापू, सुगरणीचं पुरं वाचलं बगा! काय त्यो नर, काय त्याची हिकमत! तुमच्या मामी तर दोनदा वाचायला लावून राहिल्या. मी म्हनलं, असं काय करंल ह्ये सपनात बी वाटलं नव्हतं!"

दयानंदनं फोन कानावर घट्ट दाबला. "काय... म्हणजे, तो काय करतो मामा? तुमच्या तोंडून ऐकू द्या की."

"छ्या, छ्या!" किशनराव पलीकडं खरंच लाजले. "तुमाला म्या सांगू? सूर्याला काजवा दावू व्हय? ठिवतो."

फोन बंद झाला. उज्वला कलंडलेला कूलर सरळ करत होती. "काय म्हणाले बाबा?"

"काही नाही," दयानंद म्हणाला. "मला सगळं ठाऊक आहे म्हणाले."