विहीर पंतांची, पाणी हिंदुरावांचे

पेशवाईच्या उतरत्या दिवसांत कसबा पेठेतल्या दिगंबरपंतांना इंग्रजी येत असे. म्हणजे इतर कोणालाच येत नसल्यामुळे पंतांना येते, असे सर्वानुमते मंजूर झाले होते. एका सरदारांकडे ते दुभाष्याचे काम करीत. नदीपलीकडच्या गोऱ्या साहेबाने सरदारांचे येरवड्याचे सबंध कुरण मागितले, सरदारांनी साफ नकार दिला, तेव्हा साहेब हसून म्हणाला, "कॉम्प्रमाइज!"

"म्हणजे काय, पंत?" सरदारांनी विचारले.

"दोघांनीही थोडेथोडे सोडायचे, सरकार. आपण अर्धे कुरण सोडायचे."

"आणि साहेबाने?"

"उरलेल्या अर्ध्याचा हट्ट."

अर्धे कुरण वाचल्याचा सरदारांना इतका आनंद झाला, की त्यांनी पंतांना शालजोडी दिली. ती पांघरून पंत भर उन्हात पेठेत हिंडले आणि भेटेल त्याला नव्या शब्दाचा अर्थ, उपयोग व उदाहरणे समजावत सुटले. शेजारच्या हिंदुराव शिलेदारांनी तो धडा फार मन लावून ऐकला.

दुसऱ्याच दिवशी हिंदुरावांनी पंतांच्या परसातल्या विहिरीवर हक्क सांगितला.

"अहो, विहीर आपली आहे," पंतांच्या पत्नी आनंदीबाई माजघरातून म्हणाल्या. "नुसतं नाही म्हणा, म्हणजे झालं."

पण काल सबंध पेठेला शिकवलेले आज स्वतःच्या दारात मोडायचे, तर शालजोडी कोणत्या तोंडाने पांघरायची? रीतसर पंच बसले. विहीर पंतांची व पाणी हिंदुरावांचे, असा निवाडा झाला. यात उभय पक्षांनी थोडेथोडे सोडले आहे, हे पंचांना पटत नव्हते. ते पंतांनी स्वतः पटवून दिले.

आठवड्याने हिंदुराव पुन्हा आले. "पंत, पाणी आमचं, पण जायला वाट कुठं हाय? तुमचं घर मधी येतंय. पाडा की!"

पंत संतापले. तेव्हा हिंदुरावांनी मोठ्या मनाने माघार घेतली: घर राहू द्यावे, केवळ भिंती फोडून माजघरातून वाट काढावी. घर वाचले म्हणून पंतांनी त्यांचे आभार मानले, आणि शिलेदारांचे घोडे माजघरातून पाण्यावर जाऊ लागले.

एके सकाळी आनंदीबाई परातीपाशी बसून रडू लागल्या. मळलेली कणीक घोड्याने खाल्ली होती. "माझ्याच विहिरीचं घोटभर पाणी मला मागून घ्यावं लागतं. अहो, एकदा तरी नाही म्हणा. एकदाच!"

पंतांना फार वाईट वाटले. 'नाही' हा सोपा मराठी शब्द घोकत ते तडक हिंदुरावांकडे गेले.

"या पंत. काय म्हणता?"

"ते घोडे..." पंतांनी शालजोडी सावरली. "आत येताना त्यांचे पाय पुसून आणाल का?"

हिंदुराव विचारात पडले. "चारी? न्हाई जमायचं. पुढचे दोन पुसतो."

पंत प्रसन्न मुद्रेने घरी परतले.

वाचकांना त्यांचे हसू येणे साहजिक आहे. मात्र हसावे ते जरा हळू. तुमच्या माजघरातून जे घोडे जातात, ते बुजतील.